भिंतीवरचं डी.फार्म.

११ जून
पोळ्या लाटत होते. गजाननचा फोन. (तोंडानं 'अहो', वहीत तरी नवऱ्याचं नाव घेते.) "गाडी झरीत आलीय. ॲप्रन काढून ठेव, न्यायला आलो."

गाडी म्हणजे औषध निरीक्षकाची, झरी म्हणजे शेजारचं गाव. मेडिकलवाल्यांच्या ग्रुपवर मेसेज पडला की आसपासच्या गावांतल्या आम्ही डी.फार्म. सुना पोळपाट सोडून काउंटरला जाऊन बसतो. दुकान सासऱ्यांचं, चालवतो ग., लायसन माझ्या सर्टिफिकेटवर. वर्षातून एखाद्या दिवशी मी तिथली फार्मासिस्ट असते.

हात धुतले न धुतले. साडीवर ॲप्रन. त्याला डांबरगोळ्यांचा वास, कारण तो कपाटात शालूच्या खाली असतो. ग.च्या मागं बसून फाट्यावरच्या दुकानात. खुर्चीत टेकले अन् साहेब आलेच.

तरुण मुलगा. अहोजाहो करणारा. खेकसला असता तर बरं झालं असतं. त्यानं आधी भिंत बघितली. तिथं गणपती अन् शेजारी सर्टिफिकेटच्या फ्रेममध्ये मी. हार गणपतीचा, लांब झाला म्हणून थोडा माझ्यावरही आलेला.

"मॅडम, पूर्ण वेळ तुम्हीच असता?"
"हो."
"इन्सुलिन कुठं ठेवता, दाखवा बरं."

इन्सुलिन फ्रीजमध्ये, एवढं तर येतं मला. उठून ताडताड डावीकडं गेले. तिकडं रिकामी खोकी अन् झाडू. फ्रीज उजवीकडं होता. ग.नं हनुवटीनं दाखवला, साहेबानं ते बघितलं. रागावला नाही. बाकीचं तपासलं, काहीतरी लिहिलं, अन् जाताना एवढंच, "नखात पीठ राहिलंय, मॅडम."

ग. खूश. "पास झालो की!" माझं तोंड वर होईना. घरी आले तर उरलेल्या पोळ्या आत्याबाईंनी लाटून टाकलेल्या. "झाली का ड्यूटी?" म्हणाल्या. सासू असून टोचून बोलत नाहीत त्या, सहज म्हणाल्या. पण मला लागलंच.

१२ जून
काल दिवसभर नखं टोकरत होते. अजूनही पीठ आहे असंच वाटतंय.

बघायला आले होते तो दिवस आठवला. मामांनी, म्हणजे सासऱ्यांनी, एकच प्रश्न विचारला होता: "पोरीचं रजिस्ट्रेशन झालंय ना?" स्वयंपाक येतो का, गाणं येतं का, चालून दाखव, काही काही नाही. मला वाटलं, केवढी सुधारलेली माणसं! मैत्रिणींना फोन करकरून सांगितलं. हुंडा नको म्हणाले तेव्हा आईनं देवापुढं साखर ठेवली. त्यांना हुंडा भिंतीवर टांगायचा होता हे लग्नानंतर कळलं.

एकदा विचारलं होतं, पहिल्याच वर्षी. मामा म्हणाले, "आपल्या बाया फाट्यावर बसत न्हाईत. तू घरात राज कर." राग आला होता. पण खोटं कशाला लिहू, थोडं बरंही वाटलं होतं. कोण दिवसभर उभं राहणार, कोण गिऱ्हाइकांची तोंडं बघणार. मग लेक झाली, परी. मग मी विचारायचंच सोडलं. मला कुणी डांबून ठेवलं नव्हतं. म्हणून तर जास्त लाज वाटते.

परभणीत वसमत रोडला खोली करून दोन वर्षं काढली. खलबत्त्यात इमल्शन घोटून मनगट भरून यायचं. आता त्याच मनगटानं शेंगदाण्याचा कूट.

१५ जून
पूजीचा फोन. नेमका दुपारचा, कुकर लावलेला.

"ताई, दुकानात हायस का?"
"हो. बोल लवकर, गर्दी हाय."
तेवढ्यात शिट्टी.
"कुकर कशाचा वाजायलाय?"
"शेजारी हॉटेल हाय ना, त्याचा."

बहिणीशी बोलताना तोंडातून इतकं सहज खोटं निघतं, याचंच नवल. पण सुरुवात आजची थोडीच आहे. लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी गेले तेव्हा आईनं विचारलं, दुकानात बसतीस ना? मी म्हटलं, बसते. त्या 'बसते'ला आता किती मजले चढले! दुकानाचा हिशेब माझ्याकडं, लोक मला मॅडम म्हणतात, ग. माझ्या विचाराशिवाय माल भरत नाही. सगळं मीच सांगितलेलं. झाकली मूठ सव्वा लाखाची.

पूजी बारावी सायन्स झाली. डी.फार्म. करायचं म्हणते. "दोन वर्षांत मोकळी, ताई. तुझ्यावाणी." आता शेवटी एक्झिट परीक्षाही असते म्हणे, आमच्या वेळी नव्हती. आई मागून ओरडत होती, "वर्षाकडं बग! नवऱ्याच्या बरोबरीनं बसती दुकानात!" मग बाबांनी फोन घेतला. येलदरीला त्यांचं विहिरीवरच्या जळक्या मोटारी भरून द्यायचं दुकान आहे, हात सदा काळे, फोन कोपरानं कानाला धरतात. म्हणाले, "बेटा, आमाला त्यातलं काय कळतंय. तू म्हणशील तसं. तू नको म्हणलीस तर न्हाई घालत."

मी म्हणाले, विचार करून सांगते.

कशाचा विचार? फ्रीज कुठल्या बाजूला आहे याचा?

१८ जून
गिरणीत दळण घेऊन गेले होते. शेजारची कमलकाकू आधीच नंबर लावून बसलेली. बाया तिच्याभोवती.

"काय मानवलंय गं कमळे तुला! तोंड बग, भाकरीवाणी फुगलंय."
"औंदा तब्येत लागली हिची."
काकू लाजत, "गजाच्या पुडीचा गुण हाय. गुडघा तर नवीन बसवल्यावाणी झालाय. पयले उठाया दोन माणसं लागायची."

सगळ्या माझ्याकडं वळल्या. वर्षाच्याच दुकानाची पुडी की! मी हसले. कौतुक आपल्या दाराशी आलं की कोण हाकलतंय.

मग काकूनं डबा उचलायला हात पुढं केला. हात वाळक्या फांदीसारखा. मनगटाच्या वर निळे-काळे डाग, कुठं धडकली नाही, पडली नाही, तरी. अन् वर ते गोल गरगरीत तोंड.

दुसरं वर्ष, फार्माकॉलॉजी. सरांनी फळ्यावर एक माणूस काढला होता, पौर्णिमेच्या चंद्राएवढं तोंड अन् काड्यांचे हातपाय. आम्ही सगळे हसलो होतो. सर म्हणाले, हसा, पण विसरू नका, स्टेरॉईड वर्षभर खाल्लं की माणूस असा दिसतो, अन् लोक त्याला तब्येत सुधारली म्हणतात.

दळण न घेताच घरी आले. परत जावं लागलं.

१९ जून
ग. जेवायला आला तेव्हा विचारलं, गुडघ्याच्या पुडीत काय काय असतं?

"कामून?"
"सांगा तर."
"एक दुखायची, एक पित्ताची, अन् अर्धी डेक्सा."
"रोज?"
"ती रोज नेती तर रोज."
"चिठ्ठी कुणाची?"
"कुणाची चिठ्ठी, वर्षा! सगळ्या पंचक्रोशीत चालतंय. मी न्हाई दिली तर समोरचा देतोय. तिचा गुडघा बरा हाय ना? मंग."
"ते स्टेरॉईड हाय. तोंड बघितलं का तिचं? लायसन माझ्या नावावर हाय."
"अन् दुकान?"

असं म्हणून भाकरीचा तुकडा मोडला. चिडून नाही, अगदी शांतपणे. ग. वाईट माणूस नाही. बी.ए. झाला, भरतीला पळून पळून थकला, मग वडिलांनी काउंटरला बसवला. उन्हाळ्यात ताप आलेल्या पोराला उधारीवर औषध देतो, कधी मागत नाही. त्याला खरंच वाटतं की तो काकूवर उपकार करतोय. मला माहीत होतं की नाही, त्याला मी कधी सांगितलं का, हे त्यानं विचारलं नाही. विचारलं असतं तर मी काय बोलणार होते?

२० जून
आज मी एक काम केलं. काकूकडं गेले. तिचा मुलगा भागवत शेतात होता, ती एकटीच लसूण सोलत बसलेली. सरळ सांगितलं, "काकू, पुडी आजपासून बंद. एक गोळीसुद्धा नाही."

"अन् गुडघा?"
"शेका. तेल लावा. पण ती पुडी म्हणजे विष हाय."
"गजा तर..."
"त्यांना कळत नाही. मी शिकलेय त्यातलं."

काकू माझ्याकडं बघत राहिली. मग उतरंडीमागून पुड्यांचा डबा काढून माझ्यापुढं ठेवला. "तू म्हणतीस म्हंजे खरं आसल. घेऊन जा." मी त्या सगळ्या चुलीत घातल्या. तिच्या समोर.

अंगावर मूठभर मांस चढलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा वाटलं की ती दोन वर्षं वाया गेली नाहीत. येताना आत्याबाईंनी विचारलं, एवढी कशानं फुललीस?

२१ जून
पूजीला फोन केला. भर फॉर्म म्हणाले. डोळे झाकून भर. शिक्षण वाया जात नसतं, कुठं ना कुठं उपयोगी पडतंच. मोठी भाषणंच ठोकली. पूजी म्हणाली, ताई, तू किती छान बोलतीस गं.

ग.ला काकूचं सांगितलं नाही. कळेल तेव्हा कळेल.

२४ जून
भागवत सकाळी काकूला खाटेवरून उठवायला गेला तर उठेना. कालपासून उलट्या होत्या म्हणे, अन्न पोटात ठरत नव्हतं. डोळे फिरवले. जीपमध्ये घालून परभणीला नेली. ग. बरोबर गेला.

बायांचं चाललं होतं, ऊन लागलं, बाधलं काहीतरी, नजर लागली, गिरणीत सगळ्याजणी तब्येत तब्येत म्हणत होत्या ना. मी भांडी घासायला बसले. हातात तवा होता अन् सरांचं पुढचं वाक्य आठवलं. त्याच तासाचं. त्याच फळ्यासमोरचं. 'आणि लक्षात ठेवा, फार दिवसांचं स्टेरॉईड एकदम बंद करायचं नसतं. हळूहळू उतरवायचं, तेही डॉक्टरनं. एकदम बंद केलं तर रोगी कोसळतो.'

अर्धा तास लक्षात राहिला, अर्धा नाही. अर्ध्या हळकुंडानं पिवळी झाले अन् काकूच्या जिवावर उठले.

तवा तसाच ठेवला. मामांना म्हणाले, मला परभणीला जायचंय. "तू कशाला?" त्यांना उत्तर न देता फाट्यावर आले, मिळाली ती गाडी धरली. 

२५ जून
कालचं पुढचं लिहायचंय.

दवाखान्याच्या व्हरांड्यात ग. भेटला. मी का आले ते त्याला कळलं नाही, पण चेहरा बघून म्हणाला, "तू काई बोलू नको. मी बगतो." आत डॉक्टरबाई भागवतला विचारत होत्या, काय गोळ्या चालू होत्या? तो म्हणाला, गावात गुडघ्याची पुडी घेती. पुडीत काय? भागवतनं ग.कडं बघितलं. ग.नं वर पंख्याकडं.

डॉक्टरबाई माझ्याकडं वळल्या. "तुम्ही कोण?"

"शेजारी."

हे मी बोलले. काकूचं बीपी लागत नव्हतं, सिस्टर शीर शोधत होती, अन् मी शेजारी. डॉक्टरबाई पुढच्या खाटेकडं गेल्या. मी बाकावर जाऊन बसले. बसवेना. किती वेळ गेला कोण जाणे, थोडाच असेल, पण तेवढ्यात काकू गेली असती तर? या 'तर'पाशी मी कालपासून अडकलेय.

उठले. मागून जाऊन म्हणाले, "मॅडम, पुडीत डेक्सा असायची. रोज. वर्षाच्या वर झालं. अन् चार दिवसांपासून एकदम बंद आहे."

त्या थांबल्या. "तुम्हाला कसं माहीत?"

"मी फार्मासिस्ट आहे. दुकान आमचंच."

मागं ग.चा श्वास ऐकू आला. डॉक्टरबाईंनी आधी सिस्टरला इंजेक्शनचं सांगितलं, ते देऊन झालं, मगच माझ्याकडं बघितलं. "असं एकदम बंद करत नाहीत, शिकवलं नाही तुम्हाला?"
"शिकवलं होतं."
"मग?"
"आठवलं नाही."

यापेक्षा त्यांनी दोन थोबाडीत दिल्या असत्या तर चाललं असतं. 

२६ जून
काकू शुद्धीवर. बोलते. सगळे खाटेभोवती होते, भागवत, त्याची बायको, दोन पाहुणे. डॉक्टरबाईंनी सहज विचारलं, आजी, गोळ्या कुणी बंद करायला लावल्या?

काकूचा चेहरा उजळला. "आमच्या वर्षानं. लय शिकलेली हाय ती. तिनं येळेवर सांगितलं म्हणून वाचले, न्हाईतर त्या विषानं मेलेच असते."

डॉक्टरबाई माझ्याकडं एकदा बघून पुढच्या खाटेकडं वळल्या. भागवतच्या बायकोनं माझा हात धरला. मला तो सोडवून घ्यावासा वाटत होता अन् सोडवताही येत नव्हता.

बाहेर आल्यावर भागवतला गाठून खरं सांगितलं. पुडीनं तिचं वाईट केलं, अन् बंद करायला लावून मी आणखी केलं. त्यानं चप्पल फरशीला घासली. "तुमच्या दोघा नवरा-बायकोतलं कोण खरं म्हणायचं, वयनी?" एवढंच म्हणाला अन् आत गेला.

२८ जून
घरात स्फोट. मामांना कळलं.

"दवाखान्यात दुकानाचं कामून सांगितलं? बाईनं लिहून घेतलंय म्हणतात. उद्या नोटिशीचा कागद आला तर? लायसन गेलं तर खायचं काय?"
मी म्हणाले, "कागद आला तर माझ्या नावानं येईल, मामा. फ्रेममध्ये मी हाय."
"म्हणूनच म्हणायलोय, गप बसायचं व्हतं!"

ग. मध्ये पडला नाही. भिंतीला टेकून मोबाईल चाळत होता, पण स्क्रीन बंद होती. 

मग मी म्हणून टाकलं. एकतर मी पहिल्या तारखेपासून दुकानात बसते, नाहीतर फ्रेम काढून आणते. फार शूरपणानं म्हटलं नाही, रडत रडतच म्हटलं.

मामा काही बोलायच्या आत आत्याबाई, तांदूळ निवडता निवडता, वर न बघता, "बसू द्या की. नाव तिचं, उद्या शिव्या खाणार तीच, अन् बसायचं दुसऱ्यानं?"
"अन् सैपाक?"
"सकाळचा मी बघते, परीलाबी. फाट्यावर काय वाघ बसलाय व्हय?"

मामा उठून बाहेर गेले.

१ जुलै
पहिला दिवस. हार काढून आखूड केला, फक्त गणपतीला घातला. ग. दिवसभर मोजकंच बोलला.

मला काही सापडत नाही. मी शिकले ते औषधाचं मूळ नाव. इथं सगळे ब्रँड. गिऱ्हाईक नाव सांगतं, मी खोकं उलटं करून बारीक अक्षर वाचते, तोवर ग. मागून हात घालून काढून देतो. "गजाभाऊ न्हाईत का?" ग. समोर बसलेला असतो, तरी मला बघून लोक हे विचारतात. एकजण म्हणाला, "वयनी कशाला बसवली? भांडण झालं का घरात?"

दुपारी मळ्यातला एक माणूस आला. "कंबरेची पुडी दे, गजाभाऊ." मी म्हणाले, चिठ्ठीशिवाय मिळणार नाही. बरं, डॉक्टरला दाखवा, रोज घेत असाल तर एकदम बंद करू नका, डॉक्टरच कमी करतील, असंही सांगितलं, यावेळी पूर्ण. तो माझ्याकडं वेड्यागत बघत ऐकत होता. मग रस्ता ओलांडून समोरच्या दुकानात गेला. येताना हातात पुडी. आम्हाला राम राम करून गेला.

"बंद झाली का पुडी?" ग. म्हणाला. "फकस्त रस्ता वलांडला तिनं."

खरं बोलला. पण आमच्या दुकानात त्यानंतर संध्याकाळपर्यंत कुणी मागितली तरी त्यानं दिली नाही. का ते मी विचारलं नाही.

३ जुलै
काकू घरी आली. जायला पाय उचलत नव्हता, आत्याबाईंनी ढकललं.

तोंड अजून तसंच गोल, पण तब्येत लागली असं आता कुणी म्हणत नाही. गुडघा परत धरलाय, भिंत धरून मोरीपर्यंत जाते. कण्हत होती. दवाखान्याच्या गोळ्या पुढं टाकल्या. "ह्या कवा कवा घ्यायच्या, तू सांग. भागवतच्या ध्यानात ऱ्हात न्हाई."

त्या गोळ्या हळूहळू कमी करायच्या होत्या, आठवड्यागणिक. चिठ्ठी वाचली. परत वाचली. मग डॉक्टरबाईंना फोन करून ताडून घेतलं, तेव्हा कुठं तोंड उघडलं. काकू हसायला लागली. "एवढं भ्यायलीस व्हय?"

"काकू, तुम्ही पडलात ते माझ्यामुळं. एकदम बंद करायला नको होती. मला येत होतं अन् मी विसरले."

भागवतनं तिला आधीच सांगितलं असणार, कारण ती दचकली नाही. पदरानं तोंड पुसलं. म्हणाली, "मंग आता इसरू नको." अन् परत कण्हायला लागली. माफ केलं की नाही, कळलं नाही. विचारायचा हक्क मला नाही.

६ जुलै
कागद अजून आला नाही. पोस्टमनची सायकल फाट्यावर दिसली की मान वर करून बघते. ग.ही बघतो, मी बघतेय हेही बघतो.

उद्या पूजीच्या प्रवेशाचा शेवटचा दिवस. बाबा दुकान बंद ठेवून तिला घेऊन परभणीला जाणार. सकाळी तिला फोन लावला, काउंटरवरूनच. ग. माल आणायला गेला होता.

सगळं सांगितलं. कुकर, फ्रीज, नखातलं पीठ. इतकी वर्षं गाडी आल्याशिवाय मी दुकानाची पायरी चढले नव्हते ते. काकूचं, पुडीचं. 'शेजारी' म्हणाले तेही सांगितलं.

पूजी म्हणाली, "अन् मला तू त्या दिवशी डोळे झाकून भर म्हणलीस."
"हो."
"आई दळणाच्या बायांत तुझं नाव घेती, ताई."
"माहीत हाय."
"मंग आता काय करू मी? भरू का नको? दोन वर्षं घालवायची अन् मंग भिताडाला टांगून घ्यायचं का सोताला?"

टांगून घेऊ नको म्हणाले असते, पण मी स्वतःच लटकले होते, कुणी वर चढवलंही नव्हतं. पहिल्यापासून इथं बसले असते तर काकूला ती पुडी गेली असती का, हे तिला विचारावं असं वाटलं. पण ते तिनं का ठरवायचं? 

तेवढ्यात एक बाई आली. कडेवर तापानं लाल झालेलं लेकरू, हातात चिठ्ठी. पूजीला म्हणाले, थांब जरा, अन् फोन तसाच काउंटरवर ठेवला.

डॉक्टरचं अक्षर. सिरप लागलं, पण किती द्यायचं ते नीट लागेना. वजन विचारलं, वय विचारलं. बाटलीवरची ताकद वाचली. कागदावर हिशेब मांडला, खोडला, परत मांडला. चिठ्ठीवरच्या नंबरला फोन लावला, दुकानातल्या दुसऱ्या मोबाईलवरून, डॉक्टरांनी सांगितलं तेच माझंही आलं होतं. बाई कंटाळली. समोरच्या दुकानाकडं मान वळवून बघितलं, मग माझ्याकडं. "बाई, तुमाला येतं ना?"

"येतं," म्हणाले. "पण एकदा परत बघते."

ती थांबली. बाटलीच्या टोपणाला रेघ करून दिली, इथपर्यंत, दिवसातून इतक्या वेळा, ताप उतरला नाही तर उद्याच दवाखाना. दोनदा म्हणवून घेतलं तिच्याकडून. लेकराला घेऊन गेली.

फोन उचलला. पूजीनं ठेवला नव्हता.

"ऐकलं मी," म्हणाली. भरणार की नाही, ते बोलली नाही. मीही विचारलं नाही.